उलट पिळाची गुंडी

ती गेल्याचं मला माझ्याच दुकानात एका गिऱ्हाईकाने सांगितलं. बाई ब्लाउजपीस बघत होत्या, भाव पाडत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "तुमच्या त्या चरख्यावाल्या मैत्रिणीचं फार वाईट झालं हो." मी कात्री हातात धरून तशीच उभी राहिले. सगळं आदल्या दिवशी आटोपलं होतं. आजार पावसाळ्यापासूनचा होता. सूत काढणाऱ्या आमच्या गटातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं, त्या पाळीपाळीने दवाखान्यात बसायला गेल्या होत्या. एक मी सोडून.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या रागातून झालं. दुसरी कोणी असती तर पुढे एका कापडात पट्टा निघाला तेव्हा गिऱ्हाईकाची समजूत काढली असती आणि विषय संपवला असता. माझा तो स्वभाव नाही. मला फसवलेलं चालत नाही, आणि कोणी फसवलं ते कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

तिची माझी ओळख नागपूरच्या सदर भागातल्या फुटपाथवरची. मी बुटीबोरीच्या कारखान्यांनी नाकारलेले कटपीस पोत्यात भरून आणायची आणि चादर अंथरून विकायची. शेजारी ती फॉल-पिको करायची. डावरी होती. मशीनचं चाक डाव्या हाताने फिरवायची, कात्री उलटी धरायची, आणि लोक बघत राहिले तर म्हणायची, "पाहून का राहिले? टाका सरळच पडते." पुढे मी गाळा घेतला, मग दुकान. घेतलं ते माझ्या तोंडाच्या जोरावर, कोणी ताटात वाढून दिलं नाही. ती मात्र मशीन विकून सूत काढायला लागली. काटोल रोडकडे एका बंद पडलेल्या पीठगिरणीत पाच-सहा बायका जमत होत्या. कापसाचे पेळू आणायचे, चरख्यावर सूत काढायचं, पळसफुलं, डाळिंबाची सालं, नीळ यांत ते रंगवायचं, आणि विणकराकडून कापड करून घ्यायचं. विकायची जबाबदारी तिने माझ्या गळ्यात घातली. मला सूत काढायलाही बसवलं. माझा धागा दर हातभर ओढीला तुटायचा. ती हसायची. "सुतासंगही घासाघीस करते वं तू. सोड जराशी. त्याले येऊ दे त्याच्या मनानं."

डावरी असल्यामुळे तिने आपला चरखा सुताराकडून उलटा करून घेतला होता. हत्ता डाव्या हाताला, आणि सूत गुंडाळणारी चाती उजव्या बाजूला. त्यामुळे तिच्या सुताला पीळ उलटा पडायचा. नुसत्या डोळ्याला काही कळत नाही. धागा बोटांच्या चिमटीत धरून वळला की कळतं. बाकीच्यांचा धागा ज्या बाजूने घट्ट होतो, त्या बाजूने तिचा उलगडतो. दोन्ही सुतं एका कापडात गेली तर कापड बिघडतं, म्हणून तिच्या सुताच्या गुंडीला, म्हणजे लडीला, लाल दोरा बांधायची पद्धत होती. लाल दोऱ्याचं सूत वेगळं रंगायचं, वेगळं विणायचं. ती गेली तेव्हा लाल दोऱ्याची एकही गुंडी शिल्लक नव्हती. हे मी खात्रीने सांगते, कारण माल मी स्वतः मोजून घेते.

तेराव्यानंतर मी गिरणीत गेले होते. नको ते बोलले. "मी कोण होते तिची? रस्त्यावरची?" असं विचारलं. सगळ्या खाली माना घालून बसल्या. कोपऱ्यात तिचा चरखा तिच्याच ओढणीखाली झाकलेला होता. वर्षश्राद्धापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मी ओढणी उचलून पाहिलं. चातीवर तिने अर्धवट सोडलेलं सूत होतं, बोराएवढं. मी ओढणी टाकली आणि निघाले. त्यानंतर मी दारातूनच माल घ्यायची, आत पाऊल टाकायची नाही.

चैत्रात एक गिऱ्हाईक निळं कापड परत घेऊन आलं. शांत, शिकलेली बाई. म्हणाली, "यात एक पट्टा आहे."

मी कापड काउंटरवर पसरलं. कुठे पट्टा? काठापासून काठापर्यंत एकसारखा निळा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "असा नाही दिसत. दाराशी या."

उन्हं कलली होती. तिने कापड दाराशी तिरपं धरलं, आणि कापडात आडवा, वीतभर रुंदीचा एक पट्टा उमटला. रंग तोच होता. डाग नव्हता. तरी तेवढी जागा वेगळी उजळली, जणू कापडाच्या मागून कोणी तळहात फिरवत नेला. मी एक पाऊल सरकले, पट्टा गेला. परत मागे आले, पट्टा आला.

"रात्री मी खुर्चीवर टाकलं होतं," ती बाई म्हणाली. "आता मला ते घरात नको."

मी पैसे परत केले. हे मी आयुष्यात फार कमी वेळा केलं आहे. दुसऱ्या दिवशी कापड काखेत मारून विणकराकडे गेले, आणि त्याच्या मागावर आपटलं. हा आमचा जुना विणकर. त्याचं माझं पटत नाही, म्हणूनच आमचा धंदा टिकला आहे.

"हे काय विणून दिलं मला? भुताटकी?"

त्याने कापड उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं. मग पट्ट्यातला एक धागा ओढून काढला आणि बोटांत वळला. "ताई, ओरडू नका. सूत तुमचंच आहे. हा पट्टा उलट पिळाचा आहे. उजेड त्यावरून उलटा घसरते. एक पूर्ण गुंडी गेली आहे यात."

"उलट पिळाची गुंडी नाहीच आमच्याकडे."

"असं कसं? धागा तर हा बोलून राहिला."

"लाल दोरा होता?"

"असता तर मी विणली असती का हो? एवढा आंधळा समजता मला?"

मी तो धागा घेतला आणि डोळे मिटून बोटांतून सोडला. गटातल्या प्रत्येकीचं सूत मी असं ओळखते. भाव ठरवताना तेच माझं हत्यार आहे. एकीचं सूत खरखरीत, एकीचं भित्रं, मधेच बारीक होणारं. हे सूत एकसारखं होतं, आणि दर ओढीच्या शेवटी किंचित जाडसर. चालता चालता कोणी दम खावा तसं. हे तिचंच सूत होतं. चैत्र होता, मागाच्या खोलीत पंखा नव्हता, आणि माझे हात गार पडले होते.

भावाचा विषय न काढता मी कापडाची घडी घातली. त्यालाच चिंता पडली. "ताई, भाव कमी करू का या ताग्याचा?" म्हणाला. मी कापड काखेत मारलं आणि निघाले.

घरी येऊन मी हिशेब लावला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तिने जाण्याआधी कोणाकडे तरी सूत ठेवलं होतं. म्हणजे कोणाला तरी काही दिलं होतं, काही सांगितलं होतं. आणि ती मी नव्हते. ती कोण, आणि मी का नाही, एवढंच मला हवं होतं. सूत रंगवायचा दिवस मी मुद्दाम निवडला, कारण त्या दिवशी सगळ्या असतात.

मे महिना होता. नागपुरात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. लहानपणी आई म्हणायची, रात्री फिर एक वेळ, पण या वेळेला चौकात उभी राहू नको. गिरणीच्या अंगणात निळीचा ड्रम उन्हात तापत ठेवला होता. नीळ, चुना आणि गूळ यांचं ते पाणी असतं. वरून तांब्यासारखा तवंग, आत पिवळट हिरवं. ढवळलं की नाल्यासारखा वास येतो. काटोलहून एसटीने येणारी एक बाई रंगाचं सगळं बघते. तिला आम्ही काटोलवालीच म्हणतो. ती कोपरापर्यंत निळी झालेली, गुंड्या एकेक बुडवून वर काढत होती. गुंडी बाहेर आली की हिरवी असते. मग आपण बघत असताना, कोणी हात न लावता, ती निळी होत जाते. मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्या दिवशी मला ते बघवेना.

"आज आत आल्या का शेठाणी?" काटोलवाली म्हणाली. "ऊन लागलं वाटते."

मी बसले नाही. बांबूवर ओल्या गुंड्या टाकल्या होत्या. ताज्या सुताची ओली गुंडी मोकळी सोडली की स्वतःभोवतीच वळत जाते. आतला पीळ तिला स्वस्थ बसू देत नाही. वाऱ्याचा मागमूस नव्हता. सगळ्या गुंड्या सावकाश एका बाजूला वळत होत्या, झोपेत कूस बदलल्यासारख्या. आणि मधली एक दुसऱ्या बाजूला वळत होती.

मी बोट दाखवलं. काटोलवालीने बघितलं, आणि तिच्या हातातली गुंडी परत ड्रममध्ये पडली.

"ही कोणाची?"

"मले काय ठाऊक? भिजवताना साऱ्या पांढऱ्याच होत्या. ढिगातली आहे."

"ढिगात कोणी टाकली?"

मी आत गेले. बंद गिरणीत अजून पिठाचा वास येतो. कूलर घरघरत होता. कोपऱ्यात चरखा ओढणीखाली होता. मी ओढणी ओढली. चातीवर सूत लिंबाएवढं झालं होतं. आणि चाती सोसेल तेवढी घट्ट, सुबक भरलेली. शेवटचं टोक हत्त्याला गुंडाळलेलं होतं, जसं ती उठताना गुंडाळायची. पेळूच्या टोपलीत तळाला दोनच पेळू उरले होते. तिने भरलेली टोपली सोडली होती.

सगळ्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कोण बसतं इथे?" मी ओरडले. माझा आवाज गिरणीत घुमून परत आला, आणि तो मला माझा वाटला नाही.

गटात सर्वांत वयस्कर आहेत त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. त्या पुढे आल्या आणि पदराने तोंड पुसलं. "मी बसते," म्हणाल्या. "सकाळी लवकर येते तेव्हा. दोन-चार हात काढते. तिची आठवण येते म्हणून. बाकी कोणाला माहीत नव्हतं."

"तुम्ही?" काटोलवाली म्हणाली. "बाई, मी पण काढते. गाडी लवकर पोचते तवा. मले वाटलं मीच एकटी."

मग मागून एकीने कबूल केलं, मग दुसरीने. सगळ्या बसत होत्या, एकमेकींपासून लपून. ठरलेला नियम मोडायची लाज, म्हणून कोणी बोललं नव्हतं, आणि म्हणूनच लाल दोराही नव्हता. मला हसू यायला हवं होतं. पण मी धंद्यातली बाई आहे, माझ्या बोटांत अजून तो धागा होता.

"काढून दाखवा," मी म्हणाले.

मोठ्या बाई बसल्या. उजव्या हाताची सवय असलेल्या बाईने डाव्या हाताने चाक फिरवायचं म्हणजे काय होणार? सूत जाड, बारीक, परत जाड आलं, आणि तटकन तुटलं. काटोलवाली बसली. तिचं तर नुसतं गाठाळ आलं. एकेक बसली. कोणाचंही चातीवरच्या सुताशी जुळेना. त्यांचे तुकडे काढून टाकून मी चातीवरचं टोक थोडं उलगडलं आणि बोटांतून सोडलं. एकसारखं. दर ओढीच्या शेवटी किंचित जाडसर.

"तुम्ही काढलेलं ते कुठे आहे मग?"

"चातीवरच तर होतं," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

"आणि गुंड्या कोणी उतरवल्या? चातीवरून सूत काढून गुंडी करून ढिगात कोणी टाकली?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येक बाई दुसरीच्या तोंडाकडे, की आता ही हो म्हणेल. कोणी हो म्हटलं नाही. मी माणसांच्या चेहऱ्यावर जगले आहे. खोटं बोलणारं गिऱ्हाईक मला दारातून कळतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. कूलरचं पाणी संपलं असावं, नुसती कोरडी घरघर राहिली होती.

तेव्हा मला जे विचारायचं होतं ते बाहेर पडलं. "तिने तुमच्याजवळ काय सांगून ठेवलं? मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगायचं नाही, हेच सांगून ठेवलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काहून?" हा शब्द माझ्या तोंडून कित्येक वर्षांनी निघाला असेल. दुकानात मी शुद्ध बोलते.

उत्तर काटोलवालीने दिलं, तिचीच नक्कल करत, आणि ती नक्कल इतकी हुबेहूब होती की मागच्या एकीने डोळ्यांना पदर लावला. "म्हणे, तिले सांगू नका वं. ते मले मरू देणार नाही. डॉक्टरसंग भाव करन, मग देवासंग भाव करन, अन् शेवटी माह्यासंग. एक महिना घे, दोन महिने घे. माह्यात आता भाव कराची ताकद नाही राहिली."

खरं होतं ते. मी तिला मुंबईला नेलं असतं. दुकान गहाण टाकलं असतं. तिला उठवून बसवलं असतं, चमच्याने भरवलं असतं, शिव्या दिल्या असत्या. हे सगळं मी केलं असतं, आणि करायला दिलं नाही याचा राग मला तेव्हाही आला आणि आजही आहे. कोणाला काय पेलवेल हे ठरवायचा हक्क तिला कोणी दिला? पण तो भांडायचा मुद्दा ऐकायला समोर कोणी नव्हतं. चरखा होता.

"तुम्ही सगळ्या बाहेर जा," मी म्हणाले.

त्या गेल्या. मी पाट ओढला. डावा हात हत्त्यावर, उजव्या हातात पेळू. चाक फिरवलं, ओढ घेतली. आणि हातभर आल्यावर, नेहमीप्रमाणे, तुटलं. परत जोडलं, परत तुटलं. बाहेर बांबूवर गुंड्या वळत असतील, ते मला आतून जाणवत होतं. तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा मी पेळू आपटला.

"मी नाही जोडणार," मी मोठ्याने म्हणाले. रिकाम्या गिरणीत, भर दुपारी, एकटी बाई चरख्याशी भांडत होती. "प्रत्येक वेळी मीच जोडू का? तुला हवं तर तू जोड."

तुटलेलं टोक तसंच लोंबत ठेवलं, ओढणी टाकली आणि निघाले. जाताना बायकांना एवढंच सांगितलं, की ती मधली गुंडी वेगळी काढा, लाल दोरा बांधा, विकायला माझ्याकडे देऊ नका. आणि आता चरख्याला हात लावू नका. पुढच्या रंगापर्यंत सगळ्यांनी घरीच सूत काढायचं, आणि या वेळी मी गिरणीच्या दाराला माझं कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

पुढच्या रंगाच्या दिवशी मीच कुलूप उघडलं. काटोलवाली मागे होती, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. मी ओढणी उचलली.

धागा जोडलेला होता. गाठ नाही. तंतूवर तंतू ठेवून पिळलेला, बोटाला लागू नये असा सांधा. टोक हत्त्याला गुंडाळलेलं.

काटोलवाली दारातून म्हणाली, "काय आहे वं?" शेठाणी म्हणायचंही ती विसरली.

माझ्या तोंडाशी सगळे प्रश्न आले. दुसरी किल्ली आहे का, मागची खिडकी उघडी होती का, कोण आलं होतं. कोणताही सौदा मी इतक्यावर सोडत नाही. खिडकीकडे माझी मान वळलीसुद्धा. मग मी ती परत फिरवली.

"काही नाही," मी म्हणाले. "पेळू आण."

ती पेळू घेऊन आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी हत्त्यावरचं टोक सोडवलं, डावा हात ठेवला, आणि सांध्याच्या पुढून ओढ घेतली. ओढली नाही खरं तर. येऊ दिली. हातभर झालं. तुटलं नाही. धागा चातीकडे जाताना मला पलीकडून किंचित ताण लागला, फुटपाथवर चादरीची दोन टोकं धरून आम्ही ती घडी घालायचो तेव्हा लागायचा तसा. मी हात सोडला नाही, आणि काही मागितलं नाही.